आईचे हात मोकळे करा

(जागतिक दिव्यांग दिनानिमित्त जिंतूर येथे मंडळीच्या सभेत एका भगिनीने केलेले भाषण. वाचकांसाठी ते जवळजवळ जसेच्या तसे देत आहोत.)



दिव्यांगांविषयी चार शब्द बोल, असा मला निरोप आला. दरवर्षी ३ डिसेंबरला आपण दिव्यांगांसाठी प्रार्थना करतो. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये हा दिवस ठरवला. त्या प्रार्थनेत आपल्या डोळ्यांपुढे कोण असतं? बहुतेक वेळा एखादं लहान लेकरू, नाहीतर कोपऱ्यात बसलेला एकटा माणूस. आज मला वेगळ्या माणसांविषयी बोलायचं आहे. ज्यांना पाय नाहीत, हात चालत नाहीत, कंबरेखाली जोर नाही, आणि तरी ज्यांना कुणीतरी रोज आई म्हणून, बाबा म्हणून हाक मारतं, अशी माणसं.

मी त्यांतलीच एक आहे. मी डोंगराकडच्या आंध वस्तीत जन्मले. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. तेव्हा पल्स पोलिओ सुरू व्हायचा होता. ती मोहीम १९९५ मध्ये आली. आपल्या देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. देवाची केवढी कृपा! आता आपली लेकरं पोलिओनं अधू होत नाहीत. पण मोहिमेच्या आधी जी अधू झाली, ती लेकरं आता मोठी झाली आहेत. त्यांची लग्नं झाली, त्यांना मुलंबाळं झाली. त्यांत अपघातात पाय गेलेले आहेत, झाडावरून पडून पाठीचा कणा मोडलेले आहेत, साखरेच्या आजारानं पाय कापावा लागलेले आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, त्यांतले २९ लाखांवर आपल्या महाराष्ट्रात. यांतले किती जण आईबाप आहेत, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येतच नाही.

पवित्र शास्त्रात मात्र अशा एका बापाची नोंद आहे. मफीबोशेथ तुम्हाला माहीत आहे. योनाथानाचा मुलगा. पाच वर्षांचा असताना दाई त्याला घेऊन पळाली, तो पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. पुढे दावीद राजानं त्याला शोधून आणलं आणि आपल्या मेजावर जेवायला बसवलं. यावर आपण कितीतरी उपदेश ऐकले आहेत. पण त्याच अध्यायाच्या शेवटी लिहिलं आहे की मफीबोशेथाला एक लहान मुलगा होता, त्याचं नाव मीखा. हे सहसा कुणी सांगत नाही. तो लंगडा माणूस बाप होता.

आता दावीदानं काय केलं ते नीट बघा. पंगतीला बसवलं, तेवढ्यावर तो थांबला नाही. आजोबाची सगळी जमीन परत दिली. ती कसायला सीबाला लावलं, आणि सीबाबरोबर त्याचे पंधरा मुलगे आणि वीस चाकर. मफीबोशेथाला नांगर धरता येत नव्हता, म्हणून नांगर धरणारे हात दिले. घर त्याचंच राहिलं, जमीन त्याचीच, मुलगा त्याचाच. मदत अशी असते.

आणि पुढचीही गोष्ट आठवा. अबशालोमानं बंड केलं, राजाला यरुशलेम सोडून पळावं लागलं, तेव्हा मफीबोशेथ राजाबरोबर गेला नाही. राजाला वाटलं, हा फितूर झाला. खरं काय होतं? त्याला जायचं होतं, पण तो लंगडा. गाढवावर खोगीर घालून द्यायला कुणी नव्हतं. ज्या चाकरावर भिस्त होती, त्यानंच दगा दिला. गाढव मिळालं नाही आणि बदनामी मात्र वाट्याला आली.

हे आपल्याकडे रोज घडतं. शाळेत पालकसभा असते. आई येत नाही. गुरुजी वहीत शेरा लिहितात, पालकांचं लक्ष नाही. लक्ष पुष्कळ असतं, गुरुजी. पण सभा वरच्या मजल्यावर असते, आणि जिन्याला धरायला कठडासुद्धा नसतो.

मला लोक नेहमी विचारतात, बाई, तू लेकरं सांभाळतेस तरी कशी? मला दोन लेकरं आहेत. मुलगी नववीला, मुलगा पाचवीला. कशी सांभाळली ते सांगते, कारण त्यातच आजच्या विषयाचं मूळ आहे.

मी दोन कुबड्यांवर चालते. म्हणजे चालताना माझे दोन्ही हात अडकलेले असतात. तुम्ही एका कडेवर लेकरू घेता, दुसऱ्या हातानं घागर धरता, दाराची कडी काढता. मला चालताना लेकरू घेता येत नाही, आणि लेकरू घेतलं की चालता येत नाही. पोलिओनं माझा पाय घेतला असं तुम्हाला दिसतं. मी आई झाले तेव्हा मला कळलं की अडचण हातांची आहे.

मग मी सगळं जमिनीवर आणलं. झोळी आढ्याला उंच न बांधता जमिनीपासून वीतभर वर बांधली, बसल्या जागेवरून लेकरू काढता-घालता येईल अशी. अंघोळ तर आपल्याकडे पहिल्यापासून पाटावर बसून, पाय लांब करून, पायांवर लेकरू पालथं घालूनच करतात. ती मला कुणाहीइतकीच चांगली जमली. मुलगी रांगायला लागली तेव्हा तिच्या पायांत घुंगरांचे वाळे घातले. हौस होतीच, पण ती कुठे गेली ते मला बसल्या जागी कळायचं. मी धावू शकत नाही, म्हणून लेकरांना पहिल्यापासून एक शिकवण दिली: आईनं हाक मारली की जागच्या जागी थांबायचं. शेजारची लेकरं आईला पळायला लावायची, माझी थांबायची. घरात फिरताना मुलाला लुगड्याच्या पट्ट्यानं पाठीशी बांधायचे. आपल्या आयाबाया रानात जाताना पाठीशी बांधतात, तसंच.

यांतल्या कशालाही पैसा लागला नाही, डॉक्टर लागला नाही. म्हणून सांगते, दिव्यांग आईला लेकरू सांभाळायला शिकवावं लागत नाही. ती आपली रीत आपण शोधून काढते. तिची रीत जिथे चालत नाही ती जागा घराबाहेर असते, आणि काही वेळा घराच्या उंबऱ्यावरच असते.

पाणी बघा. कुबड्या घेऊन हंडा डोक्यावर घेता येत नाही, कमरेवरही नाही. उन्हाळ्यात आपल्याकडच्या वाड्यांवर हातपंप आटला की पाणी लांबून आणावं लागतं. ते कोण आणणार? घरातली मोठी मुलगी. सात-आठ वर्षांची पोर कळशी घेऊन जाते. दोन खेपा झाल्या तर शाळेची घंटा होऊन जाते. चार खेपा झाल्या तर त्या दिवशी शाळाच नाही. आईला घरापाशी पाणी नाही, एवढीच गोष्ट. पण त्याची किंमत मुलीच्या हजेरीपटावर लागते.

रेशन दुकानाला तीन पायऱ्या आहेत. बाप तीनचाकी सायकलवर येतो, खाली थांबतो, आणि दहा वर्षांचा मुलगा वर जाऊन रांगेत उभा राहतो. अंगठा लावायची वेळ आली की बापाला फरफटत वर जावं लागतं, लेकरादेखत. एस.टी.चं बघा. ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असेल तर भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, चांगली गोष्ट आहे. पण गाडीची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्याही वर येते. सवलत खिशात आणि गाडी पुढे निघून गेलेली, असं कितीदा होतं.

ज्याच्या घरी आई किंवा बाप अधू आहे, त्या घरातलं लेकरू हळूहळू कुबडी बनतं. ते आनंदानं बनतं. त्याचं आईवर प्रेम असतं. पाणी आणायला, दळण आणायला, धाकट्याला सांभाळायला ते नाही म्हणत नाही. हातभार लावावा, जरूर लावावा; सगळ्याच घरांतली लेकरं लावतात. पण जे काम एक नळ करू शकतो, एक दांडी करू शकते, एक उतार करू शकतो, ते काम लेकराच्या बालपणातून का काढून घ्यायचं? आईबापाची सोय म्हणजे लेकराची शाळा. आज माझं सांगणं एवढंच आहे.

आता आपल्या कामाकडे येते, म्हणजे मिशनच्या कामाकडे. हे मी फार प्रेमानं बोलणार आहे, कारण मी स्वतः मिशनच्या वसतिगृहात शिकले. ते नसतं तर आज मी तुमच्यापुढे उभी नसते. तिथल्या बाईंनी मला अक्षर दिलं, प्रार्थना दिली. ते ऋण फिटायचं नाही.

पण असं एक घर दिसलं, आई रांगत चालते, बाप अंथरुणावर आहे, की आपल्या मनात पहिला विचार काय येतो? लेकरांना वसतिगृहात घालू. लेकरांचं भलं होईल. हेतू चांगला असतो. आपल्या आधीच्या मिशनऱ्यांचाही हेतू चांगला होता. जुन्या काळी मिशनच्या कुष्ठाश्रमांत आईबापांना ठेवत आणि त्यांच्या निरोगी लेकरांना वेगळ्या घरात वाढवत. तेव्हा कुष्ठरोगावर गुणकारी औषध नव्हतं, लागण होईल अशी भीती होती. पुढे औषधं आली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचार सुचवला, आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. लेकराला आईपासून तोडायचं कारणच उरलं नाही. तरी कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून राहिलं होतं. तेही २०१९ मध्ये काढून टाकलं.

त्या काळात लेकरू आईपासून दूर ठेवायला निदान रोगाचं कारण होतं. आज जे लेकरू आपण उचलून आणतो, ते कुठल्या कारणानं? आईला संडासापर्यंत जाता येत नाही, पाणी लांब आहे, चूल तिच्या हाताला येत नाही, या कारणानं. हे रोग नव्हेत. ही गवंड्याची, सुताराची, प्लंबरची कामं आहेत.

एका घराची गोष्ट सांगते. नाव, गाव सांगत नाही. डोंगराकडच्या वाडीतला एक बाप आहे. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीखाली त्याचा पाय गेला, गुडघ्याखालून कापावा लागला. आता बायको मजुरीला जाते, कापूस वेचायला, सोयाबीन काढायला. घरी तो, दहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. मुलगी शाळा सोडून घरीच राहू लागली. दोन्ही लेकरांना वसतिगृहात आणायचं ठरत होतं. फॉर्म भरायला आपले भाऊ गेले, त्यांच्याबरोबर मी गेले. त्या माणसानं अंगठा द्यायला हात पुढे केला आणि म्हणाला, "न्या साहेब, तुम्ही चांगलंच कराल. पण पाय गेला तेव्हा म्या कामाला मुकलो. आता लेकरंबी गेली तर म्या बाप कशाचा?"

तो फॉर्म त्या दिवशी भरला नाही. आम्ही त्याला विचारलं, मुलगी दिवसभर नेमकं काय करते? त्यानं बोटांवर मोजून सांगितलं. पाणी आणते. धाकट्याला बाहेर ओढ्याकडे जाऊ देत नाही. माझ्या संडासाचं बघते. बस्स. तीन कामं. या तीन कामांसाठी एका मुलीची शाळा गेली होती.

मग काय केलं? दारापुढे कुडाचं कुंपण घातलं, बापाच्या हाताला येईल अशी फळीची फाटकी लावली, म्हणजे धाकटा आत राहील. संडासात दोन्ही भिंतींना लोखंडी दांड्या बसवल्या आणि भोक पाडलेली लाकडी खुर्ची ठेवली. पाण्यासाठी ढकलगाडी करून दिली. सकाळी बायको मजुरीला जायच्या आधी दोन कॅन भरून आणते, दिवसभर पुरतं. जयपूर फूटसाठी त्याचं माप घेतलं आहे. ते १९६८ मध्ये जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तयार केलं. आपल्याकडे माणूस मांडी घालून बसतो, चिखलात अनवाणी चालतो, म्हणून त्या चालीरीतीचा पाय त्यांनी बनवला. सगळं साधलं असं सांगत नाही. पावसाळ्यात वाडीच्या वाटेवर चिखल होतो आणि आठवडा आठवडा तो घरातच अडकतो. धाकट्याचा ताप उतरेना तेव्हा शेजाऱ्यानं खांद्यावरून नेला. पण मुलगी शाळेत जाते. संध्याकाळी बाप तिचे पाढे घेतो. तो स्वतः चौथी शिकलेला आहे.

काही लेकरांना वसतिगृह लागतंच. चौथीपुढे शाळा नसलेल्या वाड्या आहेत, आईबाप दोघंही ऊसतोडीला जातात अशी घरं आहेत. त्यांच्यासाठी दार उघडंच राहू दे. माझी विनंती एवढीच, की जिथे आईबाप अधू आहेत तिथे प्रवेशाच्या फॉर्मच्या आधी एक कागद असावा. त्यावर एकच प्रश्न: या घरात कोणती सोय नाही म्हणून लेकरू जड झालं आहे? ती सोय आधी करून बघू. मग फॉर्म.

हे मी माझ्या मनानं बोलत नाही. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार आहे, भारतानं तो २००७ मध्ये मान्य केला. त्याचं तेविसावं कलम कुटुंबाविषयी आहे. आई किंवा बाप दिव्यांग आहे एवढ्या कारणानं लेकरू त्यांच्यापासून वेगळं करायचं नाही, आणि लेकरं वाढवायला दिव्यांगांना सरकारनं मदत करायची, असं त्यात आहे. आपल्या देशाचा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं दिव्यांगत्व होतं, यात एकवीस आहेत. या कायद्याच्या चोविसाव्या कलमात दिव्यांग स्त्रीला उपजीविकेसाठी आणि मुलांच्या संगोपनासाठी आधार देण्याची तरतूद आहे. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सोयीच्या करायच्या होत्या. नियम २०१७ मध्ये आले, मुदत २०२२ मध्ये संपली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय होती. मत घ्यायला सरकार माझ्या उंबऱ्यापर्यंत येऊ शकतं, तर माझ्या मुलीच्या शाळेत मला नेणारा उतारही ते बांधू शकतं.

हक्क कागदावर असतो, तो घरात आणायला माणूस लागतो. आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड. त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. त्यासाठी इथून परभणीला चाळीसेक किलोमीटर जावं लागतं; वाडीवरच्या माणसाला आधी जिंतूर, मग परभणी. एका फेरीत काम होईलच असं नाही. कार्ड झालं की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करता येतो. घरचा कर्ता माणूस दिव्यांग असेल तर अंत्योदय रेशनकार्डासाठी विचारा. कुबड्या, कॅलिपर, चाकाची खुर्ची, तीनचाकी यांसाठी केंद्राची एडिप योजना आहे. आणि ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून विचारा, आमच्या गावचे ते ५ टक्के कुठे गेले? संडासातली दांडी त्यातून होऊ शकते.

कुणी म्हणेल, धडधाकट माणसांनाही हे कागद जमत नाहीत, ही माणसं काय करणार? दीपा मलिक यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१६ मध्ये रिओच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. फोटो सगळ्यांनी पदकाचाच पाहिला. पण १९९९ मध्ये पाठीच्या कण्यातल्या गाठीची शस्त्रक्रिया होऊन त्यांचं छातीखालचं शरीर लुळं पडलं, तेव्हा पती कारगिलच्या लढाईत होते आणि घरी दोन लहान मुली होत्या. त्यांतल्या थोरलीला स्वतःलाच एका बाजूला अर्धांगाचा त्रास होता. आपल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, चाकाच्या खुर्चीवर बसून त्यांनी खानावळ चालवली. पदकाच्या आधीची ही सतरा वर्षं मला मोठी वाटतात. त्यांना घरच्यांची साथ होती, घर सोयीचं करून घेता आलं. आपल्या वाडीवरच्या आईला पदक नको आहे. तिला सोयीचं घर हवं आहे, आणि साथ देणारी चार माणसं.

ती चार माणसं म्हणजे आपण. कफर्णहूमच्या चौघांनी पक्षाघाती माणसासाठी छप्पर उघडलं. आपल्याला छप्पर काढायचं नाही, पायरीशेजारी उतार घालायचा आहे. पण तो नीट घाला. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. सहा सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फुटांचा उतार होतो. चार फुटांत तीन पायऱ्या बसवल्या की ती घसरगुंडी होते. खुर्ची त्यावरून वर जात नाही आणि खाली येताना माणूस पडतो. दार तीन फूट रुंद ठेवा. आणि बांधायच्या आधी त्या माणसाला विचारा. जो रांगत चालतो त्याला जमिनीवरची चूल बरी पडते. ज्याच्या पायाला कॅलिपर आहे त्याला खाली बसणं जिवावर येतं, त्याला ओटा हवा. एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण होते.

मंडळीतही थोडं बघू या. माझा मुलगा तान्हा असताना एका मंडळीत लेकरांचं अर्पण होतं. वेदीला चार पायऱ्या. सगळ्या आया लेकरं घेऊन वर गेल्या. माझ्या लेकराला दुसऱ्या बाईनं वर नेलं, मी खाली बाकावर बसून बघत राहिले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, त्या बाईनं प्रेमानंच नेलं. पण देवासमोर लेकरू आईच्या हातून जावं, असं कुठल्या आईला वाटत नाही? पाळकसाहेब चार पायऱ्या खाली उतरले असते तर झालं असतं. प्रभुभोजनही बाकापर्यंत आणता येतं. आपला प्रभू स्वर्गातून खाली उतरून आला, त्याच्या सेवकांना चार पायऱ्या जड नाहीत.

शेवटी मागणं मागते, कारण मागितल्याशिवाय मला खाली बसवणार नाही. जे गवंडी, सुतार, वेल्डर भाऊ इथे आहेत, त्यांनी वर्षातून दोन दिवसांची मजुरी प्रभूला द्यावी, डोंगराकडच्या घरांसाठी. दांडी, खुर्ची, फाटकी, उतार. ज्या तरुणांना मोबाईलवर फॉर्म भरता येतो, त्यांनी एकेका दिव्यांग आईबापाला परभणीला नेऊन आणावं, कार्ड हातात पडेपर्यंत. शिक्षक भगिनींनी पालकसभा खालच्या वर्गात घ्यावी. गुरुजी खाली आले तरी सभा तीच राहते. आणि जे आम्हाला दुरून देणगी पाठवतात, ज्यांच्या हातात हे त्रैमासिक जाणार आहे, त्यांना सांगा: एका लेकराचा वसतिगृहाचा खर्च तुम्ही उचलता, त्याबद्दल देव तुमचं भलं करो. आता त्याच्या शेजारी एका घराचाही खर्च उचला, म्हणजे एखादं लेकरू वसतिगृहात येण्याची गरजच पडणार नाही.

येत्या जूनला पुन्हा प्रवेश सुरू होतील. यादीत अशी तीन घरं आहेत. आजपासून जूनपर्यंत सहा महिने आहेत आपल्या हातात.

प्रार्थना करू या. हे आमच्या स्वर्गीय पित्या, तू स्वतः पिता आहेस, म्हणून आईबापांचं मन जाणतोस. ज्यांचे पाय थकले, ज्यांचे हात अडकले, त्यांच्या मांडीवरची लेकरं त्यांच्याच मांडीवर वाढू दे. त्यांच्या दाराशी जायला आमचे पाय तयार कर, आणि तिथे गेल्यावर काय करायचं ते त्यांनाच विचारायची बुद्धी आम्हाला दे. येशूच्या नावात मागतो. आमेन.